चार्ट.जेएसमध्ये आडवा स्टॅक्ड बार चार्ट: शून्याच्या रेषेपासून शेवटच्या आकड्यापर्यंत

स्टॅक्ड बार चार्ट, म्हणजे एकाच पट्टीत अनेक रंगांचे तुकडे एकापुढे एक रचलेला चार्ट, स्क्रीनवर आणायला फार वेळ लागत नाही. तो बघणाऱ्याला नीट वाचता यावा, यासाठी मात्र आधी एक गोष्ट मनात पक्की हवी. अशा चार्टमध्ये नजरेला नेमक्या दोनच गोष्टी कळतात: प्रत्येक पट्टीचा पहिला तुकडा आणि पट्टीची एकूण लांबी. दोन्ही शून्याच्या रेषेपासून मोजल्या जातात, म्हणून वरच्या पट्टीशी खालच्या पट्टीची तुलना सहज होते. मधल्या तुकड्यांची सुरुवात प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी होते. त्यांच्यातला लहान-मोठेपणा डोळा अंदाजानेच ठरवतो आणि बऱ्याचदा चुकतो.

१९८४ साली विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी हे प्रयोगाने दाखवलं. लोकांना वेगवेगळे आलेख दाखवून त्यांनी मापांचा अंदाज करायला लावला. एकाच मापपट्टीवरच्या जागा जोखताना माणसं सर्वांत कमी चुकली, सुट्या लांब्या जोखताना जास्त चुकली. २०१० मध्ये जेफ्री हीअर आणि माइक बोस्टॉक यांनी तेच प्रयोग इंटरनेटवरून पुन्हा केले, तेव्हाही कल तोच निघाला. खाली जे काही करायचं आहे, त्यातले निम्मे निर्णय या एका गोष्टीवर उभे आहेत.

पट्ट्या आडव्या का? ओळींची नावं लांब असतात म्हणून. उभ्या पट्ट्यांखाली लांब नावं तिरकी होतात आणि वाचताना मान वाकडी करावी लागते. आडव्या मांडणीत नाव डावीकडे सरळ बसतं आणि ओळी वाढल्या तर चार्ट फक्त खाली वाढतो. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा जो बार चार्ट छापला, आणि जो या प्रकारातला पहिला मानला जातो, त्यातही १७ देशांच्या पट्ट्या आडव्याच होत्या.

उदाहरण आणि प्रश्न

एका सॉफ्टवेअरचे पाच भाग आहेत असं धरू, आणि प्रत्येक भागावर चार प्रकारच्या कामात किती तास गेले ते आपल्याकडे आहे. आकडे कल्पित आहेत. क्रम आखणी, कोडिंग, चाचणी, दुरुस्ती असा:

लॉगिन: १२, ३०, १०, ८ (एकूण ६०)
शोध: १०, ४४, १८, २४ (एकूण ९६)
पेमेंट: २०, ३६, २८, १६ (एकूण १००)
अहवाल: ६, २२, ६, १४ (एकूण ४८)
सूचना: ८, १८, ६, ४ (एकूण ३६)

आता चार्ट कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहून काढा. मी हे खरोखर कागदावर लिहितो. इथे ते वाक्य असं आहे: "कुठल्या भागाने जास्त वेळ खाल्ला, आणि त्यातला किती वेळ चुका निस्तरण्यात गेला?" पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर पट्टीच्या एकूण लांबीत आहे. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर दुरुस्तीच्या तुकड्यात आहे, म्हणून दुरुस्ती हा तुकडा शून्याच्या रेषेला चिकटलेला हवा. काम ज्या क्रमाने होतं, त्या क्रमाने म्हणजे आखणीपासून तुकडे लावण्याचा मोह होतो. तसं केलं तर दुरुस्ती उजव्या टोकाला जाते आणि शोधमधले २४ तास व पेमेंटमधले १६ यांतला फरक शोधावा लागतो. दुरुस्ती पहिली ठेवली की तोच फरक न शोधता दिसतो.

ओळींचा क्रमही असाच प्रश्नावरून ठरतो. इथे एकूण तासांनुसार उतरत्या क्रमाने लावू: पेमेंट, शोध, लॉगिन, अहवाल, सूचना. मूळ क्रमालाच अर्थ असेल, म्हणजे वयोगट किंवा महिने असतील, तर तो मोडू नका.

लायब्ररी, आणि या लेखातली लिहिण्याची रीत

मी इथे चार्ट.जेएस ही वेब पानावर चार्ट काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतो. ती मुक्त आहे, एमआयटी परवान्याखाली येते, आणि एका पानावर दोन-चार चार्ट काढायचे असतील तर तिच्याइतकं सोपं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पुढचं सगळं तिच्या चौथ्या आवृत्तीला लागू आहे, बहुतेक तिसरीलाही.

पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे अवतरणात देतो आहे. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, आकडेही रोमन. नावात जिथे हायफन दिसेल, तिथे हायफन टंकायचा नाही. शब्द जोडून घ्यायचे आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं. म्हणजे "इंडेक्स-ॲक्सिस" हे एकच नाव, मधला 'ॲ' कॅपिटल. जावास्क्रिप्टला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो. चुकीच्या अक्षराने लिहिलेला पर्याय चार्ट.जेएस गुपचूप सोडून देते, कुठलीही तक्रार करत नाही. एखादा पर्याय "काम करत नाही" असं वाटलं, तर सगळ्यात आधी स्पेलिंग बघा.

पान: डब्याला उंची द्या

एचटीएमएलमध्ये एक डिव्ह आणि त्याच्या आत एक कॅनव्हास, एवढंच लागतं. त्या डिव्हमध्ये शीर्षक, बटण असं दुसरं काही ठेवायचं नाही, तो फक्त चार्टसाठी. सीएसएसमध्ये डिव्हला "पोझिशन" रिलेटिव्ह आणि ठरावीक उंची द्यायची. उंची कॅनव्हासला नाही, डिव्हला. मग चार्टच्या "ऑप्शन्स"मध्ये "मेन्टेन-ॲस्पेक्ट-रेशिओ" फॉल्स करायचं, नाहीतर लायब्ररी रुंदीवरून स्वतःच उंची ठरवते आणि पाच ओळींच्या चार्टला नको तेवढी जागा देते.

"मेन्टेन-ॲस्पेक्ट-रेशिओ" फॉल्स केलं पण डिव्हला उंची दिलीच नाही, तर चार्ट चपटा होतो किंवा विंडोचा आकार बदलला की भलताच वाढत जातो. कारण सरळ आहे: कॅनव्हास डिव्हकडे बघून उंची ठरवतो, आणि डिव्ह कॅनव्हासकडे बघून.

किती उंची द्यायची ते मी ओळींच्या संख्येवरून काढतो. दर ओळीला ४४ पिक्सेल, शिवाय वरची लेजंड (कुठला रंग कशाचा ते सांगणारी यादी) आणि खालचा अक्ष यांना मिळून ९०. पाच ओळींसाठी ५ गुणिले ४४ अधिक ९०, म्हणजे ३१० पिक्सेल. डेटा येईल तसा हा हिशोब जावास्क्रिप्टमध्येच करून डिव्हला उंची लावली की पाच ओळी असोत वा चाळीस, पट्ट्यांची जाडी तीच राहते.

लायब्ररी स्क्रिप्ट टॅगने सीडीएनवरून घेत असाल तर आवृत्तीचा आकडा पत्त्यात नक्की लिहा. बंडलर वापरत असाल तर चौथ्या आवृत्तीत लागणारे भाग स्वतः नोंदवावे लागतात: "बार-कंट्रोलर", "बार-एलिमेंट", "कॅटेगरी-स्केल", "लिनियर-स्केल", "टूलटिप" (माउस नेला की दिसणारी माहितीची चौकट) आणि "लेजंड" (या नावांचं पहिलं अक्षरही कॅपिटल). एखादा राहिला की 'बार हा नोंदवलेला कंट्रोलर नाही' अशा अर्थाची चूक कन्सोलवर येते. पण टूलटिप किंवा लेजंड राहिली तर चूक येत नाही, ती नुसती दिसत नाही. हा खटाटोप नको असेल तर पॅकेजच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन "ऑटो" लिहून इम्पोर्ट करा, सगळे भाग आपोआप येतात.

डेटा: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

डेटाबेसमधून डेटा लांबट स्वरूपात येतो. एक नोंद म्हणजे एक भाग, एक कामाचा प्रकार आणि तास. चार्ट.जेएसला तो आडव्या कापात हवा असतो. "लेबल्स" या यादीत ओळींची नावं, आणि "डेटासेट्स" या यादीत प्रत्येक तुकड्याचा एक डेटासेट. डेटासेट म्हणजे एक रंग. एक पट्टी नव्हे. सुरुवातीला हाच गोंधळ बहुतेकांचा होतो. आपल्या उदाहरणात डेटासेट चार, आणि प्रत्येकात पाच आकडे:

लेबल्स: पेमेंट, शोध, लॉगिन, अहवाल, सूचना
दुरुस्ती: १६, २४, ८, १४, ४
कोडिंग: ३६, ४४, ३०, २२, १८
चाचणी: २८, १८, १०, ६, ६
आखणी: २०, १०, १२, ६, ८

प्रत्येक यादीतला पहिला आकडा पेमेंटचा, दुसरा शोधचा. कुठला आकडा कुठल्या ओळीचा हे फक्त त्याच्या जागेवरून ठरतं, आणि धोका इथेच आहे. एकदा मी नोंदींवर नुसता "फिल्टर" लावून या याद्या बनवल्या होत्या. एका ओळीत एका प्रकारचं कामच झालं नव्हतं, त्यामुळे त्याची नोंदच नव्हती. यादी एका आकड्याने आखूड झाली आणि त्याच्या पुढचे सगळे आकडे एकेक ओळ वर सरकले. चार्ट छान दिसत होता. रंग जागेवर, पट्ट्या जागेवर, कन्सोलवर चूक नाही. एकूण बेरीज मूळ तक्त्याशी जुळवून पाहिली तेव्हा कुठे लक्षात आलं, आणि तोवर तो चार्ट दोन बैठकांत दाखवून झाला होता.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळतो. आधी लेबलांची अंतिम यादी पक्की करायची. मग नोंदी एका मॅपमध्ये घालायच्या, किल्ली म्हणजे भाग आणि प्रकार यांची जोडी. मग प्रत्येक प्रकारासाठी लेबलांच्या यादीवर "मॅप" हे फंक्शन फिरवायचं आणि प्रत्येक लेबलाला मॅपमधून तास विचारायचे. नसतील तर शून्य. म्हणजे यादीची लांबी लेबलांइतकीच राहते, ती चुकूच शकत नाही. शेवटी प्रत्येक डेटासेटची लांबी लेबलांइतकी आहे का, आणि सगळ्या डेटासेट्सची बेरीज मूळ नोंदींच्या बेरजेइतकी आहे का, हे तपासणाऱ्या दोन ओळी कोडमध्येच ठेवा. आपल्या उदाहरणात ती बेरीज ३४० यायला हवी.

डेटाबेसमधून आकडे मजकुराच्या रूपात येत असतील, तर इथेच "नंबर" लावून त्यांचे आकडे करून घ्या. बेरीज करताना मजकुराला मजकूर चिकटतो आणि १६ अधिक ३६ चे १६३६ होतात.

मुख्य मांडणी

"न्यू चार्ट" ला दोन गोष्टी द्यायच्या, कॅनव्हास आणि मांडणीचा ऑब्जेक्ट. त्या ऑब्जेक्टचा सांगाडा असा:

टाइप: 'बार'
डेटा: लेबल्स आणि डेटासेट्स
ऑप्शन्स:
— इंडेक्स-ॲक्सिस: 'वाय'
— मेन्टेन-ॲस्पेक्ट-रेशिओ: फॉल्स
— स्केल्स → एक्स → स्टॅक्ड: ट्रू
— स्केल्स → वाय → स्टॅक्ड: ट्रू

पट्ट्या आडव्या होतात त्या "इंडेक्स-ॲक्सिस" मुळे. नावांचा अक्ष 'वाय' आहे असं आपण सांगतो, आणि आकड्यांचा अक्ष आपोआप 'एक्स' होतो. दुसऱ्या आवृत्तीत यासाठी "हॉरिझॉन्टल-बार" हा वेगळा प्रकार होता. तिसऱ्या आवृत्तीत तो काढून टाकला, आणि "एक्स-ॲक्सेस", "वाय-ॲक्सेस" नावाच्या याद्याही गेल्या. जुनं उदाहरण उचलून आणलं आणि ते चाललं नाही, तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं.

"स्टॅक्ड" दोन्ही अक्षांवर का लिहायचं? दोन्हींचं काम वेगळं आहे. एकेक करून काढून बघा, एकदा पाहिलं की कायमचं लक्षात राहतं. फक्त 'एक्स'वर ट्रू ठेवलं तर आकडे एकमेकांपुढे जोडले जातात, पण प्रत्येक रंगाला ओळीत वेगळी पातळ जागा मिळते. दुरुस्तीची बारीक पट्टी वर, ती संपते तिथून एक पायरी खाली कोडिंग, तिथून आणखी एक पायरी खाली चाचणी. चार्टभर जिने दिसतात. फक्त 'वाय'वर ट्रू ठेवलं तर उलटं होतं. सगळे तुकडे एकाच जाडीच्या पट्टीत येतात, पण प्रत्येक जण शून्यापासूनच सुरू होतो आणि एकमेकांना झाकतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो वरवर पाहता बरोबर वाटतो. पट्ट्या फक्त आखूड असतात. अक्षावरचा सर्वांत मोठा आकडा तुमच्या सर्वांत मोठ्या एकूण बेरजेच्या आसपास आहे का ते बघा. आपल्या चार्टमध्ये तो १०० असायला हवा. ४४ च्या आसपास थांबला असेल तर रचना झालेलीच नाही.

तुकडे डावीकडून उजवीकडे डेटासेट्सच्या क्रमाने लागतात, लेजंडही त्याच क्रमाने येते. यादी न हलवता क्रम बदलायचा तर डेटासेटला "ऑर्डर" हा आकडा देता येतो. त्याने रचना, लेजंड, टूलटिप सगळंच एकत्र बदलतं.

आकड्यांचा अक्ष शून्यापासून सुरू होणं ही बार चार्टची मूळ सवय आहे, ती मोडू नका. "मिन" ला दुसरा आकडा देऊन अक्ष मध्येच कापला तर कापला जातो तो पहिला तुकडा, म्हणजे आपण मुद्दाम शून्याला चिकटवलेला.

जाडी, कडा, रंग

पट्टीची जाडी दोन प्रमाणांतून येते: "कॅटेगरी-पर्सेंटेज", जे मुळात ०.८ असतं, आणि "बार-पर्सेंटेज", जे ०.९ असतं. गुणाकार ०.७२. म्हणजे ४४ पिक्सेलच्या ओळीत पट्टी साधारण ३२ पिक्सेलची. मला हे प्रमाण ठीक वाटतं. ओळी अगदी कमी असल्या की पट्ट्या विटांसारख्या जाड होतात, त्यासाठी "मॅक्स-बार-थिकनेस" लावून ठेवा.

शेजारचे दोन तुकडे वेगळे दिसावेत म्हणून पानाच्या पार्श्वभूमीच्या रंगाची एक पिक्सेलची कड द्या. "बॉर्डर-कलर" आणि "बॉर्डर-विड्थ" तर लागतीलच, शिवाय "बॉर्डर-स्किप्ड" फॉल्स करा. नाहीतर तुकड्याची सुरुवातीची कड लायब्ररी मुळातच वगळते.

रंगांबाबत माझं मत स्पष्ट आहे. ज्या तुकड्याबद्दल प्रश्न आहे त्यालाच ठळक रंग द्यायचा, बाकीच्यांना एकाच शांत रंगाच्या फिक्या-गडद छटा. इथे दुरुस्ती गडद केशरी आणि इतर तीन करड्या-निळ्या. चारही रंग सारखेच भडक असले की नजर कुठे ठरत नाही. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका. रंगांधळेपणात बहुतेक वेळा हीच जोडी एकसारखी दिसते. छटांमधला फरक पुरेसा आहे का हे बघायला स्क्रीनशॉट कृष्णधवल करून पाहा.

अक्षांवरचा मजकूर

ओळी पंधरा-वीस झाल्या आणि जागा कमी पडली की लायब्ररी मधली काही नावं गाळते. नावाशिवायची पट्टी काही कामाची नाही, म्हणून 'वाय' अक्षाच्या "टिक्स"मध्ये "ऑटो-स्किप" फॉल्स करा आणि उंची वाढवा. नाव फार लांब असेल तर लेबल म्हणून एका मजकुराऐवजी दोन मजकुरांची यादी द्या, ते दोन ओळींत येतं.

आकड्यांपुढे 'तास' लावण्यासाठी 'एक्स' अक्षाच्या "टिक्स"मध्ये "कॉलबॅक" लिहितात. तोच प्रकार 'वाय' अक्षावर करायला गेलात तर नावाऐवजी ०, १, २ असे आकडे दिसतील. नावांच्या अक्षावर कॉलबॅकला नाव मिळत नाही, त्याचा क्रमांक मिळतो. नाव हवं तर "धिस" वरचं "गेट-लेबल-फॉर-व्हॅल्यू" त्या क्रमांकासह बोलवावं लागतं, आणि त्यासाठी साधं फंक्शन लिहावं लागतं. बाणाच्या फंक्शनमध्ये "धिस" दुसरंच काहीतरी असतं.

चार्ट मराठीत असेल तर दोन गोष्टी. "ऑप्शन्स"मध्ये "लोकेल" ला मराठीचा संकेत दिला की अक्षावरचे आणि टूलटिपमधले आकडे देवनागरीत येतात आणि स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडतात. दुसरी गोष्ट फाँटची. कॅनव्हासवर अक्षरं एकदा उमटली की ती चित्र होतात. वेबफाँट नंतर उतरला तरी ती आपोआप बदलत नाहीत. म्हणून चार्ट काढण्याआधी "डॉक्युमेंट.फाँट्स.लोड" ची वाट पाहा, आणि त्याला दुसरा मुद्दा म्हणून एखादा देवनागरी शब्द द्या. बरेच वेबफाँट लिपीप्रमाणे तुकड्यांत येतात. शब्द दिला नाही तर ब्राउझर देवनागरीचा तुकडा उतरवेलच असं नाही.

टूलटिप

मुळात माउस ज्या तुकड्यावर जाईल तेवढ्याचीच माहिती दिसते. स्टॅक्ड चार्टमध्ये अख्ख्या ओळीची माहिती एकदम हवी. "ऑप्शन्स"मध्ये "इंटरॲक्शन" खाली तीन गोष्टी लिहा: "मोड" 'इंडेक्स', "ॲक्सिस" 'वाय', "इंटरसेक्ट" फॉल्स. यातलं मधलं विसरू नका. 'इंडेक्स' मोड मुळात 'एक्स' दिशेने शोधतो, त्यामुळे आडव्या चार्टमध्ये माउस एका ओळीवर असताना टूलटिप भलत्याच ओळीची येते.

मजकूर स्वतः लिहायचा तर "प्लगिन्स → टूलटिप → कॉलबॅक्स" मध्ये "लेबल" आणि "फुटर". आडव्या चार्टमध्ये आकडा "पार्स्ड.एक्स" मध्ये असतो. उभ्या चार्टचं कोड उचललं तर तिथे "पार्स्ड.वाय" असतं, आणि ते इथे ओळीचा क्रमांक देतं. 'दुरुस्ती: १ तास' असं काही दिसलं की कारण हेच समजा. "फुटर" ला ओळीतल्या सगळ्या तुकड्यांची यादी मिळते, त्यांच्या "पार्स्ड.एक्स" ची बेरीज करून 'एकूण ९६ तास' असं लिहिता येतं. शून्य असलेले तुकडे "फिल्टर" ने गाळले की टूलटिप आटोपशीर होते.

लेजंडमधल्या नावावर क्लिक केलं की तो तुकडा लपतो आणि पुढचा तुकडा सरकून शून्याला टेकतो. मला ही सोय फार मोलाची वाटते. चाचणीची तुलना करायची असेल तर दुरुस्ती आणि कोडिंग लपवा. चाचणी आपोआप शून्याच्या रेषेवर येते आणि नीट मोजता येते. लेजंडखाली 'नावावर क्लिक करून तुकडा लपवता येतो' एवढी ओळ पानावर जरूर लिहा, नाहीतर ही सोय कुणाला सापडत नाही.

तास की टक्के

आपल्या चार्टमध्ये दुरुस्तीचे सर्वांत जास्त तास शोधचे दिसतात, २४. पण प्रमाण काढलं तर शोधच्या ९६ तासांतले २४ म्हणजे २५ टक्के, आणि अहवालच्या ४८ तासांतले १४ म्हणजे २९ टक्क्यांहून थोडे जास्त. प्रश्न 'किती वेळ गेला' असा असेल तर शोध पुढे, 'वेळेचा किती वाटा गेला' असा असेल तर अहवाल पुढे. दोन्ही प्रश्न खरे आहेत. एका चार्टमध्ये दोन्ही कोंबू नका, दोन चार्ट काढा.

टक्क्यांच्या चार्टसाठी चार्ट.जेएसमध्ये तयार पर्याय नाही, हिशोब आपणच करायचा. प्रत्येक ओळीची बेरीज काढा आणि प्रत्येक आकड्याला तिने भागून १०० ने गुणा. बेरीज शून्य असेल तर भागाकार करू नका, शून्यच ठेवा. टक्के आधी पूर्णांकात आणू नका; २९.१७ चे २९ केले की ओळींच्या बेरजा ९९ आणि १०१ होतात आणि पट्ट्यांची उजवी टोकं एका रेषेत येत नाहीत. पूर्णांक करायचा तो फक्त टूलटिपमध्ये दाखवताना. 'एक्स' अक्षाला "मॅक्स" १०० लिहून टाका, कारण दशांशांच्या बेरजेत कणभर जास्त आलं तरी अक्ष पुढे १२० पर्यंत जाऊ शकतो. मूळ तास डेटासेटमध्येच दुसऱ्या नावाने ठेवा आणि टूलटिपमध्ये दोन्ही दाखवा: '२९ टक्के, १४ तास'. इथे लेजंडचं क्लिक मात्र बंद करा, "ऑन-क्लिक" ला रिकामं फंक्शन देऊन. तुकडा लपवला की उरलेल्यांची बेरीज १०० राहत नाही, आणि बघणारा फसतो.

पट्टीच्या टोकाला एकूण आकडा

एकूण लांबी हा चार्टचा अर्धा प्रश्न आहे, म्हणून तो आकडा पट्टीच्या टोकाला लिहिलेला असावा. यासाठी वेगळी लायब्ररी नको, छोटं प्लगिन पुरतं. एक ऑब्जेक्ट घ्या, त्यात "आयडी" आणि "आफ्टर-डेटासेट्स-ड्रॉ" नावाचं फंक्शन. त्या फंक्शनमध्ये "इज-डेटासेट-व्हिजिबल" वापरून दिसत असलेला शेवटचा डेटासेट शोधा. "गेट-डेटासेट-मेटा" मधून त्याचे घटक घ्या. प्रत्येक घटकाचा "एक्स" म्हणजे पट्टीचं टोक आणि "वाय" म्हणजे पट्टीची मधली रेषा. तिथून सहा पिक्सेल उजवीकडे "फिल-टेक्स्ट" ने दिसणाऱ्या तुकड्यांची बेरीज लिहा, "टेक्स्ट-बेसलाइन" मिडल ठेवून. यादीतला शेवटचा डेटासेट सरळ धरला, तर लेजंडमधून कुणी आखणी लपवताच आकडे जागा सोडतात.

आकड्याला जागा हवी म्हणून "लेआउट → पॅडिंग → राइट" ला ४० पिक्सेल द्या. हे प्लगिन डेटातल्या शून्यांवर नीट चालतं, कारण शून्याच्या तुकड्यालाही टोक असतं. "नल" असेल तर टोकाची खरी जागा मिळत नाही आणि आकडा चुकीच्या जागी पडतो. वर डेटा भरताना रिकाम्या जागी शून्य घातलं, त्याचा इथेही उपयोग झाला.

थोडक्यात आणखी दोन प्रकार

एकाच ओळीत दोन रचलेल्या पट्ट्या हव्या असतील, म्हणजे अंदाजित तास आणि प्रत्यक्ष तास, तर प्रत्येक डेटासेटला "स्टॅक" हे नाव द्या. एका नावाचे डेटासेट एका पट्टीत रचले जातात. ऋण आकडे दिले तर ते शून्याच्या डावीकडे वेगळे रचले जातात. सहमत-असहमत अशा उत्तरांच्या चार्टला ही मांडणी शोभते. तिथे अक्षावर उणे चिन्ह दिसू नये म्हणून कॉलबॅकमध्ये "मॅथ.एबीएस" लावा.

डेटा बदलताना

नवा डेटा आला की त्याच कॅनव्हासवर पुन्हा "न्यू चार्ट" केलं तर कॅनव्हास आधीच वापरात असल्याची चूक येते. जुन्या चार्टचा संदर्भ जपून ठेवा, त्याची लेबलं आणि डेटासेट्स बदला आणि "अपडेट" बोलवा. घटकांवर आधारलेल्या फ्रेमवर्कमध्ये घटक पानावरून जाताना "डिस्ट्रॉय" बोलवणं हे तुमचं काम आहे. ओळींची संख्या बदलली असेल तर "अपडेट" आधी डिव्हची उंची पुन्हा मोजा.

ज्यांना चार्ट दिसत नाही त्यांच्यासाठी

स्क्रीन रीडरला कॅनव्हासमध्ये काहीच सापडत नाही. कॅनव्हासला "रोल" म्हणून 'इमेज'चं लघुरूप द्या, आणि "एरिया-लेबल" मध्ये (हे एचटीएमएलचं नाव, यातला हायफन मात्र टंकायचा) चार्टचं सार एका वाक्यात लिहा. 'बार चार्ट' असं नुसतं नको, 'दुरुस्तीचे सर्वांत जास्त तास शोध या भागात, २४' असं हवं. आणि चार्टच्या खाली तेच आकडे साध्या एचटीएमएल तक्त्यात ठेवा. लेबलं आणि डेटासेट्स तयारच आहेत, त्यांच्यावर एक फेरा मारून तक्ता बनतो. तो तक्ता "डिटेल्स" टॅगमध्ये मिटवून ठेवता येतो. आकडे उचलून दुसरीकडे न्यायचे असतील तर डोळस वाचकही तोच उघडतात.